अव्वाचं विरजण

"सर माझं नाव का घ्यायलेत?" नसीमने विचारलं.

पडद्यावर डॉ. तुंगारे जिवाणूंच्या कुलपाबद्दल बोलत होते. मागे पुण्याच्या स्टुडिओची तीच निळी भिंत, अंगात तोच चौकड्यांचा शर्ट. नसीमचं नाव घ्यायचं त्यांना काही कारण नव्हतं. राज्यभरातून हजारो माणसं हा वर्ग ऐकत होती आणि त्यातल्या एकाचंही नाव सरांना पाठ नसावं.

"कुठं घेतलं?" शैलजा म्हणाली. "ते कुलपाचं सांगायलेत की."

"आत्ता म्हणाले. नसीम शिकलगारला यातलं काही जमायचं नाही, घरी पाठवा तिला, असं."

शैलजा हसायला गेली, पण नसीमकडे बघितल्यावर हसू तोंडातच राहिलं. नसीम पडद्याकडे बघतच नव्हती. मान कलती करून ती फ्रिजकडे कान लावून बसली होती. मग तिने स्वतःच मान झटकली. "झोप झाली नाही गं," ती म्हणाली आणि पुन्हा लिहायला लागली. पेन मात्र इतकं घट्ट धरलं होतं की वहीचा कागद फाटला.

दोघींची घरं मिरजेत एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लावून. मुलगी अर्शिया झाली, त्या बाळंतपणानंतर नसीमला असेच आवाज ऐकू यायला लागले होते. तेव्हा तान्ह्या पोरीला शैलजाच्या मांडीवर ठेवून तिला दवाखान्यात न्यावं लागलं. औषध लागू पडलं, ती पूर्ण बरी झाली, शिवणाचे क्लास घ्यायला लागली. रोजची एक गोळी तेवढी राहिली. तिच्या सासरच्या माणसांनी ती गोष्ट विसरल्यासारखं दाखवलं, पण विसरलं कुणी नव्हतं. तिची मोठी नणंद, विजापूरची आपा, दर ईदला आली की अर्शियाला जवळ घेऊन म्हणायची, "हिला माझ्याकडे ठेवा, आईचा काय भरवसा." नसीम ते गोड हसून ऐकायची आणि मग शैलजाच्या स्वयंपाकघरात येऊन रडायची. आवाज परत आले तर आपण पोर गमावणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि आता ते परत आले होते.

जनुकशाळेच्या या अभ्यासक्रमात दोघींनी बरोबर नाव घातलं होतं. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत जैवतंत्रज्ञानाचे कारखाने धडाधड उभे राहत होते, आणि जनुकशाळेचं प्रमाणपत्र असलेल्या बायकांना तिथे चांगली नोकरी मिळत होती. शिकवणी सगळी ऑनलाइन, मराठीतून. प्रात्यक्षिकासाठी घरपोच एक जनुकपेटी यायची. पेटी मिक्सरएवढी. तिच्यात डीएनएच्या चार अक्षरांच्या चार बाटल्या. जनुकशाळेच्या यादीतून नमुना निवडला की पेटी घुरघुरत ती अक्षरं ओळीने जोडायची आणि डीएनएचं एक बारीक सुटं कडं तयार करायची. ते कडं दह्याच्या जिवाणूत सोडलं, की कड्यावर लिहिलेलं काम जिवाणू इमानेइतबारे करायला लागतो. कुणी त्याच्याकडून जीवनसत्त्व बनवून घेई, कुणी रंग. बनवा, मोजा, उकळून टाका, हा सरांचा नियम होता. खायचं मात्र काहीच नाही.

नसीमने जांभळा रंग निवडला. शैलजाने लेवोडोपा निवडलं, कारण घरात अण्णा होते.

अण्णा म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म एसटीचं स्टिअरिंग धरलेला माणूस, आणि आता कंपवाताने चहाची बशी धरता येत नव्हती. या आजारात मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं. लेवोडोपा हा त्याचा कच्चा माल. गोळीतून तो मिळतो, पण एकदम मिळतो. गोळी लागू झाली की अण्णा थोडा वेळ हिंडायचे-फिरायचे, आणि उतरली की दारातच खिळल्यासारखे उभे राहायचे. पाय उचलायचा हुकूम पायापर्यंत पोचतच नसे. आतड्यात बसून दिवसभर थेंब थेंब लेवोडोपा बनवणारा जिवाणू असला तर हा चढउतार राहणार नाही, हे शैलजाला अभ्यासक्रमातच कळलं होतं. मोठ्या दवाखान्यांतून तशा चाचण्या चालूही होत्या. त्या मिरजेला पोचेपर्यंत अण्णा थांबतील याचा भरवसा नव्हता.

तिने ते दही उकळलं नाही. आधी स्वतः वाटीभर खाऊन बघितलं, थोडं मळमळलं, बाकी काही झालं नाही. मग अण्णांना द्यायला लागली. तिचा नवरा राजशेखर औषधाचं दुकान चालवायचा. त्याने आधी आरडाओरडा केला आणि मग गुपचूप वडिलांच्या गोळ्या कमी केल्या. एका सकाळी अण्णांनी शर्टाची बटणं स्वतःच्या हाताने लावली, गळ्यापासून खालपर्यंत, आणि दारात येऊन उभे राहिले. सासूबाई तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या. शैलजाला त्या दिवशी जो आनंद झाला तो तिच्या लग्नातही झाला नव्हता.

दही बाहेर कुठे जाईल याची तिला काळजी नव्हती. सर शिकवत होते ते कुलूप याचसाठी होतं. पेटीतल्या जिवाणूला एक खास खुराक लागायचा. तो निसर्गात कुठे मिळत नाही, जनुकशाळेच्या छोट्या बाटलीतूनच येतो. दुधात त्याचे थेंब पडले नाहीत तर जिवाणू उपाशी मरतो. म्हणजे दही गटारात गेलं काय किंवा मांजराने खाल्लं काय, गोष्ट तिथेच संपायची.

पुढे खुराकाची बाटली संपली. दही मात्र लागतच राहिलं आणि अण्णांचे हातही स्थिर राहिले. खरं तर तिथेच तिने दचकायला हवं होतं. पण आनंदात माणूस फार चौकशा करत नाही. भांड्याच्या कडेला थोडा खुराक उरला असेल असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला.

सरांच्या तोंडी स्वतःचं नाव ऐकू आलं त्या रविवारच्या वर्गानंतर नसीम झपाट्याने बिघडत गेली. आधी नुसती मळमळ. अव्वांना गोड बातमीचा संशय आला. अव्वा म्हणजे शैलजाच्या सासूबाई, सगळी गल्ली त्यांना अव्वाच म्हणायची. तसं काही नाही म्हटल्यावर त्यांनी ठरवलं की पोटात उष्णता झालीय. मग रोज दुपारी नसीमच्या घरी दहीभाताचा डबा जायला लागला, संध्याकाळी तांब्याभर ताक. पोटात दुसरं काही ठरत नव्हतं म्हणून नसीमही तेवढंच खायची.

नसीमचा नवरा इकबाल सतारी बनवायचा. मोजकं बोलणारा माणूस. तो एक दिवस शैलजाच्या दारात येऊन उभा राहिला, अंगावर लाकडाचा भुसा तसाच.

"वहिनी, तुमच्या त्या क्लासनं हिचं डोकं फिरवलंय. भिंतीशी बोलायलीय. गोळी चुकवलीस का विचारलं तर अंगावर येती."

"चुकवली का तिनं?"

"ती म्हणती नाही. पण मग हे कशानं होतंय?" त्याने खाली बघितलं. "डॉक्टरनं डोस वाढवलाय. आपाला पण कळवलंय मी. अर्शियाला कोण बघणार?"

 शैलजाने मैत्रिणीची बाजू घेऊन भांडायचं ठरवलं होतं, पण इकबालचा चेहरा इतका उतरला होता की भांडण सुचेना. ती आत आली तेव्हा अव्वा ओट्याशी विरजण लावत होत्या. कोमट दूध, त्यात चमचाभर दही, वर झाकण. रोज बघितलेलं काम. फडताळात अण्णांचं दह्याचं वेगळं भांडं असायचं. आज ते पालथं घातलेलं होतं.

"अव्वा, अण्णांचं दही कुठाय?"

"हे काय, हेच की."

"हे आपलं सगळ्यांचं झालं. त्यांचं वेगळं असतंय ना?"

"ते होय! ते कवाच एक केलंय." अव्वांचा हात चालूच होता. "तुझं ते पेटीतलं दही लागतच नव्हतं नीट. पाणीच पाणी. मग आपल्या विरजणातलं चमचाभर घातलं त्यात, तर असलं घट्ट लागलं की सुरीनं कापावं. म्हटलं, दोन-दोन भांडी कशाला? त्यांना गुण आलाय तर सगळ्यांनीच खावं."

शैलजा स्टुलावर बसली. गेले कित्येक दिवस घरात सगळ्यांना थोडं थोडं मळमळत होतं, आणि राजशेखर पाण्याच्या फिल्टरवाल्याला शिव्या घालत होता.

अव्वांचं विरजण त्यांच्या माहेरचं. लग्न होऊन येताना त्यांनी ते डब्यातून आणलं होतं आणि त्यानंतर कधी मोडू दिलं नव्हतं. घरात सुतक असो की लग्न, चमचाभर दही मागे ठेवायचंच. त्या विरजणातले जिवाणू रांगडे, कसल्याच कुलपात न अडकलेले. आणि जिवाणूंना एक सवय असते, तिसऱ्याच धड्यात शिकवलेली. दोन जातींचे जिवाणू एका भांड्यात नांदले की ते एकमेकांना चिकटतात आणि आपल्याकडची डीएनएची सुटी कडी शेजाऱ्याला देऊन टाकतात. खुराकाचं कुलूप पेटीतल्या जिवाणूच्या अंगात पक्कं बसवलेलं होतं. लेवोडोपाची कृती मात्र सुट्या कड्यावर होती. पेटीतला जिवाणू ठरल्याप्रमाणे उपाशी मेला, पण मरण्याआधी कडं अव्वांच्या जिवाणूला देऊन गेला. पुण्यात बसून कुलूप बनवणाऱ्या शहाण्यांनी सगळा हिशेब केला असेल, मिरजेतल्या एका फडताळातलं विरजण तेवढं धरलं नव्हतं. कोर्समध्ये खाऊ नका म्हणून सांगितलं होतं, म्हणजे कुणी खाणार नाही, असं त्यांनी समजून घेतलं. धन्य आहे.

"अव्वा, हे विरजण कुणाकुणाला दिलं?"

"मागेल त्याला. नसीमचं मोडलं होतं, तिला दिलं. मळ्यातल्या सुशीलेला दिलं. विरजण मागायला आलेल्या बाईला नाही म्हणतात व्हय?" आता त्यांचा हात थांबला. "का गं? काय झालं?"

 शैलजा शेजारी गेली, अर्शियाला काहीतरी सांगून नसीमच्या घरची दह्याची वाटी घेऊन आली. वरचं पाणी काचेच्या पेल्यात ओतलं. दुसऱ्या पेल्यात दुकानातल्या पाकिटाच्या दह्याचं पाणी घेतलं. अव्वांच्या पानाच्या डब्यातला चुना दोन्हीत बोटभर कालवला. लेवोडोपाला चुना आणि हवा लागली की ते काळं पडतं, हीसुद्धा जनुकशाळेनेच शिकवलेली घरगुती परीक्षा. दोन्ही पेले खिडकीत ठेवून ती उभी राहिली.

दुकानातलं पाणी पांढुरकंच राहिलं. नसीमच्या पेल्यात आधी चहाचा रंग उतरला. मग तो गडद होत गेला, आणि राजशेखर जेवायला घरी आला तोवर पेल्यात काळं पाणी होतं.

त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही. औषधांत आयुष्य गेलेला माणूस. "अण्णांना जे कमी पडतं," तो हळूच म्हणाला, "तेच तिला जास्त होतं."

"तिची गोळी डोपामिन दाबायलीय आणि आपण तिला ते वाटीनं चारायलोय. मी चारायलेय." शैलजा दाराकडे निघाली. "आत्ता जाऊन सांगते इकबालभाईंना."

"थांब." त्याने दार लोटून घेतलं. "काय सांगणार? परवान्याशिवाय घरात औषध बनवलं, माणसाला खायला घातलं, गल्लीत वाटलं? जैवसुरक्षेचा नवा कायदा वाचलायस ना? तुला आत टाकतील. माझं दुकान जाईल. आणि अण्णांचं दही तर पहिल्यांदा उचलून नेतील."

"मग नसीमचं काय?"

"तिचं दही बंद केलं की बरी होईल. मी आजच सगळीकडे पाकिटाचं दही पोचवतो, आमच्या विरजणाला बुरशी आली म्हणून सांगतो. चार दिवसांत सगळं जागेवर येईल. कुणाचं काही न बिघडता होतंय तर कशाला ओढवून घ्यायचं?"

बाहेरच्या खोलीत अण्णा अर्शियाला पेन्सिलीला टोक करून देत होते. पातं न घसरता फिरत होतं. शैलजाने ते दाराच्या फटीतून बघितलं आणि इकबालकडे जायचं सोडून दिलं.

संध्याकाळी नसीम स्वतःच आली. केस विस्कटलेले, ओढणी उलटी. दिवा लावायच्या आधीच्या उजेडात ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि तिने शैलजाचा हात धरला.

"खरं सांग. मी परत वेडी व्हायलेय का गं?"

खरं सांगणं हातभर अंतरावर होतं. शैलजाच्या जिभेपर्यंत आलंही होतं.

"थोडे दिवस दही-ताक बंद कर," ती म्हणाली. "आणि डॉक्टरांचं ऐक."

नसीमने हात सोडला. "बरं," म्हणाली आणि गेली.

दही बदललं. राजशेखर घरोघर पाकिटं देऊन आला, लोक उलट त्याच्या चांगुलपणाचं कौतुक करत बसले. अण्णांपुरतं वाटीभर राजशेखरने मागे ठेवलं, बाकीचं विरजण अव्वांनी मोरीत ओतलं तेव्हा त्या माणूस गेल्यासारख्या रडल्या. पण नसीम बरी झाली नाही. दुसऱ्या दिवशी ती जेवेचना. माझ्या ताटात काहीतरी घातलंय, असं ओरडून तिने भाताचं पातेलं अंगणात फेकलं. तिला डॉक्टरने आणखी मोठा डोस दिला. त्याने तिची जीभ जड झाली, चालताना पाय ओढायला लागले.

शैलजाला राहवेना. जनुकशाळेत शंका विचारायची वेळ असायची, तेव्हा तिने कॅमेरा बंद ठेवून, नाव लपवून सरांना विचारलं, "सर, समजा असा जिवाणू कुणाच्या पोटात गेला आणि नंतर दही बंद केलं, तर किती दिवसांत जाईल?"

"पेटीतला असेल तर लगेच जाईल. पण त्याचं कडं घरगुती जातीत गेलं असेल, तर ती जात आतड्यात मुक्काम करू शकते. कित्येक आठवडे." तुंगारे सर कॅमेऱ्याजवळ सरकले. "कुठलं कडं?"

"समजा, लेवोडोपाचं."

"कंपवाताच्या गोळीत लेवोडोपा वाटेत वाया जाऊ नये म्हणून जोडीला दुसरं औषध असतं. नुसतं लेवोडोपा पोटात गेलं तर मळमळ, उलट्या. त्यातूनही थोडं मेंदूत पोचतंच. मानसिक आजाराचा पूर्वेतिहास असलेल्या माणसाला तेवढं पुरतं. आणि डॉक्टरला कारण माहीत नसेल तर तो डोस चढवत राहील. पोटातला कारखाना चालूच, वरून औषधाचा मारा. त्या माणसाचे फार हाल होतील." आता सरांच्या आवाजातला मास्तर गेला होता. "ताई, हे समजा नाहीये ना? कोण आहे तो पेशंट? त्याला जिवाणू मारायचं औषध द्यायला हवं, आणि ते आजच. तुमचं नाव सांगा."

शैलजाने लॅपटॉप मिटला. दारातून अण्णांनी ते बघितलं.

"काय लपवायलीस पोरी?" त्यांनी विचारलं.

तिने त्यांना सगळं सांगितलं. नवऱ्याला सांगितलं त्याहून जास्त सांगितलं. अण्णांनी आपल्या दोन्ही पंजांकडे बघितलं. मग म्हणाले, "घाटात ब्रेक लागत नसेल तर पहिल्यांदा गाडीतल्या माणसांना सांगायचं असतंय. मग ड्रायव्हरचं काय व्हायचं ते होऊ दे." एवढं बोलून ते पंजे मांडीखाली घालून बसले.  शैलजाने उद्या सकाळी सांगायचं ठरवलं. माणूस भ्याला की त्याचं सगळं उद्या सकाळवर जातं.

सकाळी आठच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी विजापूरची गाडी लागली.

आपा आल्या होत्या, बरोबर त्यांचा मुलगा. ठरलं होतं ते असं: नसीमला विजापूरकडच्या एका खाजगी मनोरुग्णालयात ठेवायचं आणि अर्शिया आपांकडे राहणार, शाळेसकट. इकबाल बॅग घेऊन उभा होता आणि कुणाकडे बघत नव्हता. शेजारपाजारचे लोक दारादारात आले होते. अर्शिया आईचा कुडता धरून रडत होती आणि आपा तिची बोटं एक-एक करून सोडवत होत्या.

"मी येते," नसीम जड जिभेने म्हणाली. "मला न्या कुठं न्यायचं तिथं. तिला नका नेऊ. मी काही केलेलं नाही. माझ्या जेवणात होतं काहीतरी. कुणी ऐकतच नाही माझं, माझ्या जेवणात होतं."

आपा वळून गल्लीला म्हणाल्या, "बघा. ऐकलंत ना सगळ्यांनी? अशा बाईजवळ पोर ठेवायची?"

राजशेखरने शैलजाचा दंड घट्ट धरला होता. तिने तो सोडवून घेतला.

"ती खरं बोलतेय," शैलजा म्हणाली.

कुणालाच समजलं नाही. ती पायऱ्या उतरून गाडीच्या आणि अर्शियाच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. "तिच्या जेवणात होतं. आमच्या दह्यात. मी पेटीतून बनवलेलं औषध होतं अण्णांसाठी, ते विरजणातून तिच्याकडे गेलं. तिला काही झालेलं नाही. तिच्या पोटात ते अजून तयार व्हायलंय. तुमच्याही असेल, ज्यांनी ज्यांनी आमचं विरजण नेलं त्यांच्या. इकबालभाई, हिला विजापूरला नको, आत्ताच्या आत्ता इथल्या दवाखान्यात चला. मी डॉक्टरांना सगळं लिहून देते."

इकबालच्या हातातली बॅग खाली पडली. तो शैलजाला मारेल असं वाटलं. त्याने मारलं नाही. नसीमला उचलून त्याच गाडीत बसवलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "मिरजेतच. चल."

जिवाणूनाशकाचा कोर्स सुरू झाला आणि दोन दिवसांतच नसीमची मळमळ थांबली. मग आवाज विरळ होत गेले आणि एके दिवशी बंद झाले. डोस पहिल्यासारखा एका गोळीवर आला. आपा परत गेल्या, अर्शियाला न घेता. गल्लीत पांढरे डगले घातलेली माणसं आली. त्यांनी घराघरातून दही, ताक, तूप गोळा करून नेलं, मोऱ्यांमधून औषध ओतलं, गल्लीतल्या सगळ्यांनाच गोळ्या दिल्या. मळ्यातली सुशीला चक्कर येऊन पडली होती, त्याचं कारण आता कळलं. जनुकशाळेने शैलजाचं नाव काढून टाकलं आणि राज्यभरातल्या पेट्या परत मागवल्या. राजशेखरच्या दुकानाला कुलूप लागलं. तो घरात असायचा, पण बायकोशी कामापुरतंच बोलायचा.

अण्णांनी ती जिवाणू मारायची गोळी सगळ्यात आधी घेतली होती. आठवडा जाता जाता त्यांचे पंजे पुन्हा थरथरायला लागले. बटणं अव्वा लावून द्यायच्या.

चौकशी आरोग्य केंद्राच्या खोलीत होती. जैवसुरक्षेच्या अधिकारी बाई सांगलीहून आल्या होत्या. मुद्दा एकच उरला होता: शैलजाला खरं कधी कळलं आणि तिने कधी सांगितलं. कळल्याबरोबर सांगितलं असेल तर दंडावर भागणार होतं. कळून दडवलं असेल तर तो गुन्हा, कैद होणार. आणि हे सांगू शकणारी बाहेरची साक्षीदार एकटी नसीम होती, कारण शैलजाने दवाखान्यात तिला सगळं सांगितलं होतं, चुन्याच्या पेल्यासकट.

बाहेरच्या बाकावर नसीम दिसल्याबरोबर राजशेखर तिच्यापुढे जवळजवळ वाकला. "नसीमताई, एवढंच म्हणा की त्याच सकाळी कळलं होतं तिला. तुम्हाला विचारतील. घरात अण्णा आहेत, कोण बघणार त्यांना?"

नसीम सावकाश बोलली. जिभेचा जडपणा गेला होता. "मी खरं बोलत होते तेव्हा सगळ्यांनी वेडी ठरवलं, भाऊ. आता मी शहाणी ठरलेय तर तुम्ही मला खोटं बोलायला सांगताय."

राजशेखर मागे सरला. तेवढ्यात आतून नाव पुकारलं, नसीमचंच. पण उठली शैलजा.

"तिला नका विचारू," दारातूनच ती अधिकारी बाईंना म्हणाली. "मला मंगळवारी कळलं. शुक्रवारी सांगितलं, तेही गाडी दारात आल्यावर. मधल्या दिवसांत मी दही बदललं आणि गप्प बसले. तसंच लिहा." बाईंनी वर बघितलं, खुर्ची दाखवली, आणि तिचं बोलणं उतरून घ्यायला बराच वेळ घेतला. खाली सही करताना शैलजाला आश्चर्य वाटलं, इतके दिवस ज्याची भीती वाटत होती ते झाल्यावर छातीवरचं ओझं उतरलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा राजशेखर वकिलाला फोन करायला अंगणात गेला होता. नसीम बाकावर एकटीच होती. शैलजा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. माफी मागायची तर कुठून सुरुवात करावी ते कळेना. दवाखान्यात तिने मागितली होती, तेव्हा नसीमने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

"अण्णांचं कसं आहे?" नसीमने विचारलं.

"कापतात हात. बशी धरवत नाही."

नसीमने मान हलवली. आत एक नर्स कुणाला तरी हाका मारत होती. नसीमने त्या हाका थांबेपर्यंत वाट बघितली.

"तुला एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "ते आवाज यायचे ना, ते सगळे वाईट नव्हते. आपांचा यायचा, सरांचा यायचा, ते छळायचे. पण एक तुझा पण होता. तो रोज यायचा. म्हणायचा, नसीम, तुझं डोकं ठीक आहे, तुझ्या जेवणात काहीतरी आहे, घाबरू नकोस, मी सांगते सगळ्यांना."

नसीमने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे आले ते त्याच भरवशावर," नसीम म्हणाली. "म्हटलं, तू तोंडाने एकदा तसं म्हणशील. आणि तू म्हणालीस, डॉक्टरांचं ऐक. मग मला वाटलं, तू तोंडाने बोललीस तोच आवाज खोटा, रोज यायचा तो खरा. तेव्हापासून मी जेवण सोडलं."

ती उठली, ओढणी सारखी केली आणि अर्शियाची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून निघून गेली.